मिरचीचा हिवाळी मुक्काम

मिरचीचे झाड एका हंगामाचे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे, आणि तो शेतीच्या वहिवाटीतून आलेला असल्यामुळे त्याला कोणी हरकतही घेत नाही. खरिपात रोपे लावावीत, तोडे संपले की ती उपटून बांधावर टाकावीत आणि रान पुढच्या पिकास मोकळे करावे, हा नंदुरबारपासून गडहिंग्लजपर्यंतचा शिरस्ता. परंतु कोकणातल्या एखाद्या जुन्या घराच्या परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले, आकाशाकडे तोंड करून लागणाऱ्या बारीक लवंगी मिरचीचे झुडूप ज्याने पाहिले आहे, ज्याच्या खोडाने साल धरली आहे आणि ज्याने तीन-चार पावसाळे सुखरूप काढले आहेत असे ते कमरेइतके झाड ज्याच्या नित्याच्या परिचयाचे आहे, त्यास हे निराळे सांगावे लागत नाही की मिरची ही स्वभावतः बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचे आयुष्य वर्षाच्या आत आटोपते ते एकतर माणसाच्या सोयीखातर, किंवा थंडीच्या हुकुमाने.

हा दुसरा हुकूम महाराष्ट्रात क्वचितच बजावला जातो. निफाडकडे एखाद्या रात्री पारा फार खाली उतरतो, महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत येतात, आणि तेवढ्यापुरती कुंडी उचलून पडवीत ठेवली की भागते. जी मराठी कुटुंबे टोरांटो, शिकागो किंवा न्यू जर्सीकडे स्थायिक झाली आहेत, आणि ज्यांना बाजारात मिळणाऱ्या गुळगुळीत, मवाळ मिरचीने ठेचा केल्याचे समाधान लाभत नाही, त्यांच्यापुढे मात्र हा प्रश्न दरसाल उभा राहतो. टोरांटोचाच दाखला घ्यावा. ‘व्हिक्टोरिया डे’, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार, उलटल्याखेरीज नाजूक रोपे उघड्यावर लावू नयेत असा तिकडील बागाइतीचा जुना रिवाज आहे. आणि ऑक्टोबरात पहिला हिमतुषार पडला की हंगाम बरखास्त. या मुदतीत जलापेनो किंवा ज्वाला यांसारख्या लवकर येणाऱ्या जाती आपले काम उरकून घेतात. परंतु हाबानेरो किंवा आपल्या ईशान्येकडील भूत जोलोकिया, जिचे बी रुजायलाच कधीकधी तीन-चार आठवडे लागतात आणि रोप बाहेर लावल्यावर फळ पिकायला आणखी शंभराच्या घरात दिवस जातात, तिची फळे रंग धरू लागावीत आणि तोच थंडीने दारात उभे राहावे, असा प्रकार घडतो. अशा वेळी झाड मरू न देता घरात नेऊन हिवाळा काढला, तर पुढल्या वर्षी मूळ आणि लाकूड हे दोन्ही भांडवल आयते हाताशी असते, आणि बियांपासून वाढवलेल्या रोपाच्या कित्येक आठवडे आधी त्याला फळ धरते.

कुंडी आणि मिरची यांची सोबत वाटते त्याहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिका खंडात, मेक्सिको आणि दक्षिणेकडील प्रदेशांत, हजारो वर्षे लागवडीत असलेले हे झाड कोलंबसाच्या पहिल्या सफरीनंतर, १४९३ साली, युरोपात पोहोचले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते गोव्यास आणि तेथून आपल्या स्वयंपाकघरात आले. त्याच शतकात, १५४२ साली, बाझल येथे छापलेल्या आपल्या वनस्पतिग्रंथात लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने मिरचीचे चित्र दिले, तेव्हा त्याने तिला चक्क कालिकतची मिरी म्हटले, कारण ती हिंदुस्थानातून आली असा त्याचा ग्रह होता. आणि थोड्या वर्षांपूर्वी कोणास ठाऊक नसलेले हे झाड आता जर्मनीत जागोजाग मातीच्या कुंड्यांत लावलेले आढळते, अशी नोंदही करून ठेवली. अमेरिकेच्या लेकीला मलबारचे माहेर चिकटवण्याची ही चूक आपल्याला सुखावणारी असली, तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या नोंदीतील कुंडीचे महत्त्व अधिक आहे.

कुंडी निवडताना कंजुषी करू नये. एका झाडास १२ ते २० लिटर माती मावेल एवढे भांडे हवे. त्याहून लहान भांड्यात मुळे भिंतीला लागून गोल फिरू लागतात आणि उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी देऊनही पाने माना टाकतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट मातीची. शेतातली काळी किंवा पोयट्याची माती, जी शेतात उत्तम, ती कुंडीत भरली की दोन-चार पाण्यांत दबून घट्ट होते. कारण शेतात पाण्याला खाली उतरण्यास खोल जमीन असते, आणि कुंडीत मात्र तळाशी पोहोचलेले पाणी मातीच्या बारीक रंध्रांत अडकून तेथेच थांबते, व तळाचा थर सदैव चिंब राहतो. निचरा व्हावा म्हणून तळाशी खड्यांचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर घालण्याची आपली जी परंपरागत पद्धत आहे, तिने हा दोष नाहीसा न होता तो चिंब थर तेवढा वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. भोकावर एखादी खापरी, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती, ठेवावी. बाकी भांडे कोकोपीट, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि पर्लाइट यांच्या हलक्या मिश्रणाने भरावे. आपला शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे अशी जी स्थिती, ती कुंडीत टिकवणे हेच मिरची लावणाऱ्याचे मुख्य कर्तव्य होय. बोटाचे एक पेर माती कोरडी लागल्यावर पाणी द्यावे. थोड्या सवयीनंतर कुंडी किंचित तिरपी करून तिच्या वजनावरूनच हे कळू लागते.

खतपाण्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. नत्र अधिक झाले की झाड पानांनी डवरते आणि फुलांच्या नावाने शंख. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असे झाले की चुना, म्हणजे कॅल्शियम, फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि ते टोक काळे पडून कुजते. एक गोष्ट मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. रोप वीतभर सरळ वाढते, मग खोडाला दोन, क्वचित तीन फाटे फुटून बेचका तयार होतो, आणि बरोबर त्या बेचक्यात पहिले फूल येते. पुढे प्रत्येक फाट्याला पुन्हा फाटे आणि त्या प्रत्येक बेचक्यात पुन्हा फूल, असा या झाडाच्या वाढीचा हिशेब असतो. हा पहिला बेचका डोळ्यांत भरवून ठेवावा, कारण हिवाळ्याच्या तोंडाशी सर्व निर्णय त्याच्याच आधाराने घ्यावे लागतात.

सप्टेंबर सरत आला आणि रात्रीचा पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरू लागला, की हालचालीची वेळ झाली असे समजावे. हिमतुषाराची वाट पाहणे व्यर्थ आहे; गोठणाऱ्या पाण्याने पेशींची आवरणे फाटतात आणि दुसऱ्या सकाळी उकडल्यासारखी काळपट, लोळागोळा झालेली पाने दिसतात, तेव्हा करण्यासारखे फारसे उरत नाही. परंतु पाणी गोठण्याच्या पुष्कळ आधीच, नुसत्या थंडीनेसुद्धा, या उष्ण कटिबंधातल्या झाडाच्या मुळांचा व्यवहार मंदावतो. माती ओली असूनही मुळांना पाणी उचलता येत नाही, झाड मलूल दिसते, आणि त्याची तहान भागवण्याच्या सद्हेतूने घरधनी आणखी पाणी ओततो. आमच्या मते हिवाळ्यात दगावणाऱ्या कुंडीतल्या मिरच्यांपैकी बहुतेकींच्या मृत्यूचे कारण थंडी नसून हा अनाठायी दयाळूपणा असतो.

म्हणून पहिले काम छाटणीचे. फळे, हिरवी असोत की लाल, सगळी तोडून घ्यावीत. मग द्राक्षाचे बागाइतदार एप्रिलात जशी खरड छाटणी करतात तशी, मन घट्ट करून, पहिल्या बेचक्याच्या वर दोन-तीन डोळे राखून बाकीचा सारा पसारा उतरवावा, एवढा की मातीवर वीतभर उंचीचा, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा नागवा सांगाडाच उरावा. पानेही ठेवू नयेत. पाण्याचा खर्च पानांतून होतो, आणि किडींचे बिऱ्हाडही तेथेच असते. दुसरे काम मुळांचे. झाड कुंडीतून सबंध काढून, जुनी माती झाडून व कोमट पाण्यात मुळे हलकेच धुऊन, भोवतालची जाळीसारखी वाढलेली बारीक मुळे कात्रीने कमी करावीत आणि चार-पाच लिटरच्या लहान भांड्यात स्वच्छ नवे मिश्रण घालून ते लावावे. उन्हाळाभर उघड्यावर राहिलेल्या मातीत चिलटांची अंडी आणि नाना प्रकारचे जीव असतात. बाहेर त्यांना मारणारेही असतात, पण घराच्या उबेत त्यांना रान मोकळे मिळते.

आता मुक्कामाची जागा. येथे दोन मार्ग आहेत. एक, झाडाला खिडकीत किंवा विजेच्या दिव्याखाली ठेवून हिवाळाभर वाढत ठेवणे. दुसरा, त्याला झोपवणे. पहिला मार्ग दिसायला मोहक, परंतु डिसेंबरात मुंबईचा दिवस ११ तासांचा असतो तर टोरांटोचा जेमतेम ९ तासांचा, तोही तिरप्या, दुबळ्या उन्हाचा. त्यातून खोली २१-२२ अंशांवर तापवलेली. ऊब भरपूर आणि उजेड अपुरा, ही जोडी झाडास सर्वांत घातक, कारण ऊब त्याला वाढीचा तगादा लावते आणि ती वाढ पेलण्याइतके अन्न उजेडाअभावी तयार होत नाही. मग फिकट, लांबट, उभेही राहता न येणारी फूट निघते. रोज १२ ते १४ तास जवळून चांगला दिवा देण्याची तयारी असेल त्याने हा मार्ग खुशाल धरावा. इतरांनी तळघर, जिन्याखालची थंड जागा किंवा घराला लागून असलेली मोटारीची खोली पाहावी, जेथे पारा १० ते १५ अंशांच्या दरम्यान राहतो आणि गोठणबिंदूच्या जवळ कधी जात नाही.

तेथे झाडास जवळजवळ काहीच द्यायचे नसते, आणि हेच कठीण आहे. खत बंद. पाणी तीन-चार आठवड्यांतून एकदा, कपभर, माती धूळ होऊ नये इतकेच. विदर्भातला संत्र्याचा बागाइतदार बहार धरण्यासाठी झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतो, आणि तो काळ त्याच्या संयमाची परीक्षा पाहणारा असतो. मिरचीच्या हिवाळ्यात फुलोऱ्याचा हेतू नसला, तरी हात आवरण्याची ती शिस्त मात्र तीच. पाने नसलेल्या झाडाची मुळे पाणी ओढीत नाहीत; न ओढलेले पाणी मातीतली हवा हुसकावून लावते; हवेवाचून मुळे गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर कुजवणाऱ्या बुरशीचा अंमल बसायला वेळ लागत नाही.

आठ-पंधरा दिवसांनी एकदा पाहणी करावी. सांगाडा वाळल्यासारखा दिसला म्हणून टाकून देण्याची घाई नको. खोडाची साल नखाने किंचित खरवडावी, खाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसला तर झाड जिवंत आहे, तपकिरी कोरडे लाकूड दिसले तर थोडे खाली येऊन पुन्हा खरवडावे, आणि हिरवे लागेपर्यंतचा वाळका भाग कापून टाकावा. दिव्याखाली वाढत ठेवलेल्या झाडावर मावा हा मुख्य शत्रू. कोवळ्या शेंड्याशी हिरवट ठिपक्यांसारखे दाटीने बसलेले हे कीटक प्रथम नजरेस येत नाहीत; खालच्या पानावर पांढऱ्या कोंड्यासारख्या त्यांच्या काती पडलेल्या दिसतात, खिडकीची फळी बोटाला चिकट लागते, आणि मग वर पाहिले की उलगडा होतो. बाहेर त्यांचा समाचार घेणारे ढालकिडे घरात नसतात, तेव्हा ते काम साबणाच्या पातळ द्रावणाने पानांची मागची बाजू वरचेवर धुऊन आपणच करावे लागते. तापवलेल्या कोरड्या हवेत लाल कोळीही येतो. त्यालाही तोच उपाय.

फेब्रुवारीच्या अखेरीस झाड उबेत आणि उजेडात आणावे, पाणी हळूहळू वाढवावे. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुगून जांभळट-हिरवे कोंब दिसू लागतात. त्यांनी जोर धरला की पुन्हा मोठ्या कुंडीत बदली करून हलके खत सुरू करावे. मे महिन्यात बाहेर नेताना मात्र एकदम भर उन्हात ठेवू नये. घरात फुटलेल्या पानांना कडक उन्हाची ओळख नसते, ती एका दुपारीत पांढरी पडून करपतात. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग क्रमाक्रमाने वारा आणि ऊन सोसू देत, आठ-दहा दिवसांत ही सवय करावी, आणि रात्री झाड आत आणावे.

हा सारा खटाटोप प्रत्येक झाडासाठी करावा असे आम्ही म्हणणार नाही. सिमला मिरची दरसाल बियांपासूनच लावणे सोयीचे. ज्या झाडाची पाने चुरडामुरडा होऊन आखडली आहेत किंवा ज्यांवर पिवळट चट्ट्यांची नक्षी उमटली आहे, त्याला घरात जागा देणे म्हणजे शेजारच्या कुंड्यांच्या मुळावर उठणे. ही लक्षणे बहुधा विषाणूची असतात, आणि तो विषाणू हिवाळ्याने मरत नाही. ज्वाला, ब्याडगी वगैरे नेहमीच्या जातीही जगतात, पण दगावण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक. हाबानेरो आणि भूत जोलोकिया यांसारख्या संथ, दीर्घसूत्री जातींसाठी श्रम सार्थकी लागतात. आणि हौसच असेल तर अँडीज पर्वतातली रोकोतो लावून पाहावी. केसाळ पाने, जांभळी फुले आणि काळे बी यांमुळे ती ताबडतोब ओळखू येते. तिला उकाडा मुळीच मानवत नाही, गारवा मात्र इतर मिरच्यांहून चांगला सोसतो, आणि नीट सांभाळली तर ती कित्येक वर्षे फळते. हिमतुषारापुढे तिचाही निभाव लागत नाही, त्यामुळे ऑक्टोबरात तिचीही रवानगी घरातच करावी लागते. फक्त तिला अंधाऱ्या तळघरापेक्षा एखादी थंड, उजेडाची खोली अधिक रुचते.