तरी सांगा ना, आप्पा

दहालाच ऊन चढलंय. राममंदिरासमोर नवमीचा मांडव घालणं चालू आहे. एक जण शिडीवर, दोघं खाली दोर ताणून उभे. जेवढं कापड वर चढलंय तेवढ्या सावलीत पत्रकारितेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाची मुलं वह्या काढून बसलीयत. मी त्यांना बातमीलेखन आणि संपादन शिकवतो. अंबड, घनसावंगी करत आम्ही सकाळी जांब समर्थला पोचलोय.

काम ऐकायला सोपं आहे. गावातल्या एका जुन्या घटनेचा पाठपुरावा करायचा, किमान पाच माणसांशी बोलायचं आणि सहाशे शब्दांत कॉपी द्यायची. मुलांनी घटना निवडलीय ती मूर्तिचोरीची. ऑगस्ट २०२२ मध्ये समर्थ रामदासांच्या या जन्मगावातल्या राममंदिरातून पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. विधानसभेत विषय निघाला, वाहिन्या आल्या, आणि दोनेक महिन्यांनी पोलिसांनी मूर्ती शोधून काढल्या. पहिल्या पानावर ही बातमी तेव्हाच येऊन गेली. गावाकडून ती पुन्हा ऐकणं हे आजचं काम.

वर्गातली एक मुलगी याच गावची आहे. बाकीच्यांना वाटतंय, हिचं काम अर्ध्या तासात उरकेल. मला मात्र सर्वांत अवघड काम तिचंच दिसतंय. ती पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाजवळ जाऊन बसते. तो तिच्या भावकीतला, आप्पा म्हणते ती त्यांना.

"आप्पा, त्या दिवशी सकाळी काय झालं?"

"आता तुला काय सांगायचं? तू त घरचीच हायेस. तुला माहीतच हाये की समदं."

"तरी सांगा ना, आप्पा."

"कामून? पेपरात द्यायली का?"

"कॉलेजात द्यायचंय. तुम्ही सांगाल तेवढंच लिहिणार."

आप्पा सुरू होतात आणि सुरू झाले की थांबत नाहीत. किती वाजता कळलं, कोण ओरडत आलं, कोणत्या वाटेनं चोर गेले असतील, गाडी कोणत्या रंगाची होती. तिचं पेन चालतंय, पण मध्येच थबकतं. "गाडी तुम्ही पाहिली?" आप्पा टोपी मागे सरकवतात. "म्या न्हाई. पोरं सांगत व्हती." "कोणती पोरं?" यावर पारावरचे बाकीचे हसतात. तिच्या चेहऱ्यावर हसू नाही, ती वाट बघत राहते.

तिची वही मी मागून बघतोय. पानाच्या मधोमध उभी रेघ मारलीय. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'ऐकलं'. गाडीचा रंग उजवीकडे जातो, आणि त्याच्यापुढे ती छोटं प्रश्नचिन्ह काढते. आतापर्यंत तिघांशी बोलणं झालंय. उजवी बाजू भरून खाली वाहायला लागलीय, डावीकडे जेमतेम चार ओळी. ही रेघ तिला कुणी मारायला सांगितलेली नाही. पाठ्यपुस्तकातले सहा ककार, कोण, काय, कधी, कुठे, का, कसे, हे सगळ्या वर्गाला पाठ आहेत आणि परीक्षेत त्यांना गुणही मिळतात. पण 'कुणी पाहिलं' हा प्रश्न ज्याला आपसूक सुचतो त्याच्यासाठी मी बातमीदारीत जागा शोधून देईन, मग त्याची गुणपत्रिका कशीही असो.

पलीकडे एका मुलाने कॉपी लिहून आणलीय. मथळा झकास आहे, इंट्रोही धावतो. पण तिसऱ्या परिच्छेदात अटक झालेल्यांना त्याने सरळ 'चोर' म्हटलंय. मी विचारतो, कोर्टाचा निकाल वाचलास का? तो म्हणतो, "सर, अख्खं गाव चोरच म्हणतंय." गाव म्हणू शकतं, अवतरणात द्या. आपल्या वाक्यात ते आरोपी आहेत, आणि गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपीच राहतील. घनसावंगी पोलिसांत दाखल झालेली फिर्याद बघा, खटला कुठवर आला ते विचारा, तोंडी मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर येणं कायद्याने अपेक्षित आहे. तो नाराज होतो, कारण त्याला कॉपी आजच द्यायचीय. ही नाराजी मला समजते. शेजारच्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीला २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनावेळी वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागलेली या मुलांनी पाहिलीय. हातात माईक, मागे गर्दी, पडद्यावर नाव. बातमीदारी म्हणजे ते, असं डोक्यात पक्कं बसलंय. ती गर्दी खरी होती आणि ती दाखवणंही गरजेचं होतं. पण गाड्या निघून गेल्यावर जो मागे राहून विचारतो तोही बातमीदारच, आणि तालुक्याला अशी माणसं फार थोडी उरलीयत. वर्तमानपत्रं त्यांना पगार देत नाहीत, जाहिराती गोळा करायला लावतात. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पोरांसमोर हे बोलताना माझा आवाज चढतो.

कारण याच मराठवाड्यासाठी निजामी राजवटीत आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' काढला. एका नावावर बंदी आली की दुसऱ्या नावाने अंक निघे. पुढे त्याच पत्राचं संपादन अनंत भालेरावांनी केलं. इतिहासाच्या पेपरात मुलं 'दर्पण', ६ जानेवारी १८३२ आणि 'मूकनायक', ३१ जानेवारी १९२० या तारखा बिनचूक लिहितात. वाघमाऱ्यांबद्दल विचारलं की वर्ग गप्प. आपल्या घरचा इतिहास चार गुणांच्या टिपेपुरता, हे मला सलतं.

मांडवाखालचे एक सेवेकरी बराच वेळ ऐकतायत. ते मुलांना म्हणतात, दासबोधात लिहिण्यावर अख्खा समास आहे, वाचलाय का? कुणीच वाचलेला नसतो. एकोणिसाव्या दशकातला पहिला समास, लेखनक्रियानिरूपण. अक्षर सारखं आणि मोकळं असावं, ओळी सरळ याव्यात, कडेनं जागा सोडावी, पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत टिकावं. शाई, बोरू कसे घ्यावेत तेही. सेवेकरी हे सांगतात आणि गावची मुलगी लगेच वहीत टिपते, डाव्या रकान्यात नाही, उजव्यात. मी भुवया उंचावतो. "अजून मी वाचलं नाही ना, सर." मग मोबाइलवर समास शोधून तिथेच वाचायला लागते, आणि वाचून झाल्यावर नोंद खोडून डावीकडे घेते.

बारावीतली एक पोर मघापासून तिच्या मागे मागे फिरतेय. ताई, या कोर्सला सायन्स लागतं का, वसतिगृह मिळतं का, मुलींना बाहेर पाठवतात का, एकामागून एक विचारते. शाखा कुठलीही चालते, ताई सांगते, वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरायचा, आणि पाठवतात का याचं उत्तर तुझ्या घरी जाऊन मी देईन. मग मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून तिच्याच हातात देते. "आता आप्पांना तू विचार. एकच प्रश्न."

पोर आप्पांसमोर उकिडवी बसते. घसा साफ करते. "आप्पा, तुमी सोताच्या डोळ्यानं काय पाह्यलं?"

आप्पा या वेळी लगेच बोलत नाहीत. "गाभाऱ्यात देवाची जागा रिकामी पाह्यली. आन् बाया रडताना पाह्यल्या. बाकी समदं ऐकलेलं हाये, बाई."

वहीत डावीकडे आणखी दोन ओळी पडतात. ताई नाव लिहिते, पुढे स्वल्पविराम देते. "आप्पा, वय किती लिहू?"

"लिही पंच्याहत्तर. आधारवर एकाहत्तर हाये."

"आधार दाखवा मग."

आप्पा बंडीच्या खिशात हात घालतात.