पाय चेपणाऱ्याला काय मिळतं?

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं, पण तो मुक्काम आळंदीतच असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सोहळा पुण्याची वाट धरतो आणि चऱ्होलीच्या वडमुखवाडीत, थोरल्या पादुका मंदिरापाशी, आरतीला थांबतो. पंढरपूर अजून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर लांब. रस्त्याच्या दोन्ही कडांना चहाचे पिंप, केळ्यांचे घड, राजगिऱ्याचे लाडू. कोणी दाढी करून देतंय, कोणी चपला शिवतंय, कोणी पाय चेपतंय.

सेवेला उभे असलेल्यांत भोसरी-चाकणच्या कंपन्यांत पाळ्या करणारे पुष्कळ. डोक्यात फ्लॅटचा हप्ता, न मिळालेली बढती, शेजाऱ्याची नवी गाडी. दोन तासांनी तोच माणूस ‘लई बरं वाटलं’ म्हणत घरी जातो. पुण्य लागलं म्हणून, असं कोणी म्हणेल. त्याला माझी हरकत नाही, पण मधे काय घडतं ते पाहण्यासारखं आहे.

चपलेचंच घ्या. अंगठा तुटलेली चप्पल हातात येते. आरीनं भोक पाडायचं, मेणाचा दोरा ओवायचा, टाका घट्ट ओढायचा. तेवढ्या वेळात मन दुसरीकडे जात नाही. गेलं तर आरी बोटात. समोर अनवाणी उभ्या मावशींना ‘माउली, कुठनं आलात?’ विचारलं की गाव कळतं, पाऊस झाला की नाही, पेरणी कोणावर सोपवली, हे कळतं. शेजाऱ्याच्या गाडीशी चाललेली तुलना इथं आपोआप तुटते.

मात्र ‘बिचाऱ्या’ असं मनात आलं की सगळं फसलं. मावशी बिचाऱ्या नसतात. पिशवीत दोन लुगडी, एक टाळ आणि तोंडावर हसू. ‘माझं हिच्यापेक्षा बरं आहे’ हे समाधान संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. ‘इतक्या थोडक्यात माणूस खुश राहू शकतो’ हे दिसलं, तर मात्र हप्ता आपल्या जागी जाऊन बसतो. वारीची रीतही इथं मदतीला येते: देणाराच वाकून पायांना हात लावतो. सेवा करू दिलीत, हे उपकार तुमचे. भेगाळलेल्या टाचेला आमसुलाचं तेल चोळणाऱ्याला मोठेपणाचा आव आणायला जागाच उरत नाही.

एलिझाबेथ डन, लारा अॅकनिन आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी 2008 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सकाळी 5 किंवा 20 डॉलर दिले. काहींनी ते स्वतःवर, काहींनी दुसऱ्यावर खर्च करायचे. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त आनंदी निघाले, आणि रक्कम 5 की 20 यानं फरक पडला नाही. पुढच्या अभ्यासांतून दिसलं की देणं आपखुशीचं असावं, घेणाऱ्याशी गाठ पडावी आणि दिल्याचा उपयोग डोळ्यांना दिसावा, म्हणजे आनंद वाढतो. पगारातून परस्पर कापलेल्या देणगीत यातलं फारसं काही नसतं. शिवलेली चप्पल घालून मावशी चालू लागतात तेव्हा तिन्ही असतं. दुसऱ्यासाठी वेळ खर्चणाऱ्याला आपल्याजवळ जास्त वेळ आहे असं वाटतं, हेही 2012 च्या एका संशोधनात आढळलं. ओव्हरटाइम करून आलेल्यानं सुट्टीची सकाळ इथं का घालवावी, याचं कोडं त्यानं थोडं सुटतं.

हे सगळं बिघडवायचीही सोय आहे. भावी नगरसेवकाच्या फलकाखाली, फोटोपुरता धरलेला बिस्किटांचा पुडा. किंवा दर पन्नास पावलांवर पाण्याच्या बाटल्या, ज्या घेणाऱ्याला नको असतात आणि नंतर गटारात दिसतात. त्यापेक्षा दिंडीच्या विणेकऱ्याला, नाहीतर सामानाच्या ट्रकवाल्याला काय कमी आहे ते विचारावं. उत्तर बहुधा साधंच येतं: रात्री डोक्यावर धरायला प्लॅस्टिकचा कागद, गुडघ्याला मलम, मोबाईल चार्ज करायला जागा.

आषाढीला रजा मिळाली नाही, तर कार्तिक वद्य एकादशीची यात्रा आळंदीतच असते. तेव्हा याच रस्त्यानं दिंड्या उलट्या दिशेनं येतात. थंडी असते, आणि सेवेला उभे राहणारे आषाढीइतके नसतात.