पावतीच्या पाठीवरचे न्यायालय

‘हा कज्जा कोणत्या न्यायालयाच्या अधिकारात येतो?’ हा प्रश्न बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाला नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि येथील पक्षकारांची अपिले मुंबईऐवजी बंगलोरच्या वाटेला लागली. पुढे २००८ साली धारवाडला खंडपीठ बसू लागले तेव्हा कोठे हेलपाटे थोडे कमी झाले. २००४ साली महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात लावला, त्यावरही कर्नाटकाचा मुख्य आक्षेप अधिकाराचाच होता. न्यायालयाच्या हद्दीचे मोल इतक्या कडू अनुभवाने शिकलेल्या या भागातील कारखानदार आपल्या मालाच्या बाबतीत तीच हद्द एका छापील कागदावर, बहुधा तो न वाचताच, परदेशी बहाल करतो, याचे आम्हांला नवल वाटते.

हा कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग, अर्थात जहाजावर माल चढल्याची पावती. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीतून ओतीव भागांचा कंटेनर निघतो, निपाणीवरून महामार्गाने न्हावाशेव्याला पोहोचतो आणि तेथून पुढे युरोपला जातो. पावती क्लिअरिंग एजंटामार्फत हाती येते तेव्हा जहाजाने बंदर सोडलेलेही असते. दर्शनी बाजूस मालाचा तपशील असतो, तो सारे तपासतात. पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत कलमे असतात. तंटा निघाल्यास तो लंडनच्या किंवा अशाच दूरच्या न्यायालयात चालेल, अन्यत्र नाही, असे त्यांतील एक कलम बजावीत असते. कंटेनरात खारे पाणी शिरून माल गंजला तर बेळगावच्या माणसाने लंडनचा वकील पौंडांत फी देऊन नेमावा, आणि तोही वर्षाच्या आत, असा त्याचा अर्थ. कारण सागरी मालवाहतुकीच्या कायद्यात दाव्याची मुदत माल ताब्यात मिळाल्यापासून, किंवा मिळावयास हवा होता त्या दिवसापासून, अवघी एक वर्षाची आहे.

असे कलम आपल्या कायद्यात टिकते का? १८७२ च्या करार कायद्याचे २८ वे कलम न्यायालयाची दारे पूर्णपणे बंद करणारा करार रद्द ठरविते. परंतु एक दार उघडे ठेवून बाकीची बंद केली तर त्यास हरकत नाही, असे आपली न्यायालये मानीत आली आहेत. १९९० साली सर्वोच्च न्यायालयापुढे काजूचे प्रकरण आले. (काजू म्हटल्यावर गोवा-कोकणच्या वाचकाने कान टवकारावेत.) पूर्व आफ्रिकेतून कोचीनला आलेल्या कच्च्या काजूची पोती कमी भरली, म्हणून केरळातील कारखान्याने ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीवर कोचीनच्या न्यायालयात दावा लावला. पावतीच्या पाठीवर इंग्लंडच्या न्यायालयाचे कलम होते. माल ज्या बंदरी उतरायचा तेथे तंटा चालविण्याची मुभाही त्यात होती, पण ती केवळ वाहतूकदाराच्या मर्जीवर! न्यायालयाने हे कलम उचलून धरले. पुढे २००३ साली, क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या एका प्रकरणात, उभयपक्षी मान्य केलेले परदेशी न्यायालय सबळ कारणावाचून टाळता येणार नाही, हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मांडले.

यातील विपर्यास पुढेच आहे. इंग्लंड हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४-अ कलमाखाली परस्पर अंमलबजावणीचा मुलूख आहे. म्हणजे तेथील वरिष्ठ न्यायालयाने निपाणीच्या व्यापाऱ्याविरुद्ध दिलेला हुकूमनामा बेळगावच्या जिल्हा न्यायालयात दाखल करून, तो जणू त्याच न्यायालयाचा असावा अशा रीतीने, बजावता येतो. जे न्यायालय व्यापाऱ्याची फिर्याद ऐकू शकत नाही, तेच त्याच्याकडून वसुली मात्र करू शकते.

जहाज कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. शंभर बंदरांना लागणाऱ्या जहाजाने शंभर ठिकाणी खटले लढवावेत, असे कोण म्हणेल? पण दोन तुल्यबळ पक्षांनी विचारपूर्वक निवडलेले न्यायालय आणि पावतीवर आयते छापून आलेले न्यायालय यांत अंतर आहे, आणि आपला कायदा ते पुरेसे ओळखीत नाही.

या बाबतीत गोव्याचे ऋण सीमाभागाने मानावे. १९८४ साली ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे परदेशी जहाज वास्कोच्या एका कंपनीचा माल घेऊन, पावती न देताच मुरगावहून निघून गेले आणि खरेदीदाराने पैसे चुकविले असता माल त्याच्याच हवाली केला. तेच जहाज पुढे विशाखापट्टणमला लागताच अटकविण्यात आले. १८६१ चा इंग्रजी कायदा बंदरात येणाऱ्या मालापुरताच आहे, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली तो फेटाळला आणि जहाज अटकविण्याचा उच्च न्यायालयांचा अधिकार बाहेर जाणाऱ्या मालालाही लागू असल्याचे सांगितले. १ एप्रिल २०१८ पासून अमलात आलेल्या नौअधिकरण कायद्याने हा अधिकार कर्नाटक उच्च न्यायालयालाही दिला. मात्र तो त्या त्या राज्याच्या सागरी हद्दीतील जहाजापुरता. न्हावाशेव्याला उभे असलेले जहाज अडवायचे तर निपाणीकराला, १९५६ काहीही म्हणो, मुंबईच गाठावी लागेल.

२०२५ साली संसदेने बिल ऑफ लेडिंगचा १८५६ चा, सागरी मालवाहतुकीचा १९२५ चा आणि व्यापारी नौकानयनाचा १९५८ चा असे तिन्ही जुने कायदे बदलले. ऑस्ट्रेलियाच्या १९९१ च्या कायद्यात, तेथून निघणाऱ्या मालाबाबत स्वदेशी न्यायालयांचा अधिकार काढून घेणारे कलम निरर्थक ठरविले आहे. तेवढी एक ओळ आपल्या नव्या कायद्यात घालण्याची संधी चालून आली होती, ती दवडली गेली. ती दुरुस्तीने घालावी, अशी आमची मागणी आहे.

तोवर एक वाट उघडी आहे आणि ती फारशी कोणी चोखाळीत नाही. १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्यानुसार नोंदलेल्या वाहतूकदाराने रस्ता व समुद्र अशा संपूर्ण प्रवासाची जबाबदारी एकाच दस्तऐवजाने घेतली, तर माल जेथे ताब्यात घेतला त्या ठिकाणच्या सक्षम न्यायालयात दावा लावता येतो. कंटेनर बेळगावात ताब्यात घेतला असल्यास ते न्यायालय बेळगावचेच. यासाठी बंदर ते बंदर एवढ्याच पल्ल्याची पावती न घेता हा दस्तऐवज मागून घ्यावा लागतो, त्यात लवादाचे कलम नाही ना हे पाहावे लागते. आणि येथे दाव्याची मुदत वर्षाची नसून नऊच महिन्यांची आहे.