चार नऊंचा डाग

कुंपण नसलेल्या मुलखात गाय कोणाची, हे ठरवायचं कसं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडाच्या प्रेअरीवर त्याला एकच भरवशाचं उत्तर होतं: तिच्या कातडीवरचा डाग. अनेक मालकांची गुरं एकाच गवतात मिसळून चरत. वासरू ज्या गाईच्या मागे धावे, तिच्या मालकाचा डाग त्याच्या अंगावर पडे. तो डाग सरकारदरबारी नोंदलेला असला म्हणजे भांडणाचा निकाल लागे. १८८५ मध्ये या नोंदीत एक नवा डाग दाखल झाला. ९९९९, ओळीने चार नऊ. नऊचा आकार हातातल्या काठीसारखा, म्हणून लोक त्याला ‘वॉकिंग स्टिक’ म्हणत. नोंदवणाऱ्याचं नाव जॉन वेअर. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीत त्यांचा जन्म झाला असं मानलं जातं. म्हणजे लहानपणी त्यांची स्वतःचीच गणती दुसऱ्याच्या मालमत्तेत होत असणार.

वेअर ज्या व्यवसायात शिरले तो मुळात त्यांच्यासारख्यांसाठी उभारलेलाच नव्हता. १८८१ मध्ये ओटावाच्या सरकारने पश्चिमेकडची गवताळ जमीन भाड्याने द्यायचं ठरवलं. एका अर्जदाराला एक लाख एकरांपर्यंत, मुदत एकवीस वर्षं, भाडं एकरी वर्षाला एक सेंट. भाडं स्वस्त असलं, तरी एवढ्या जमिनीवर सोडायला हजारोंनी गुरं विकत घ्यायची तर खिसा मॉन्ट्रियल किंवा लंडनचाच हवा. जमीन रिकामी होती, असं तेव्हाच्या कागदपत्रांत दिसतं. ती रिकामी करण्यात आली होती. तिथे शतकानुशतकं बायसनचे कळप चरत, आणि त्यांच्यावर सिक्सिका, काइनाई, पिकानी, त्सूतिना आणि स्टोनी नाकोडा हे लोक जगत. १८७७ मध्ये त्यांच्याशी ‘सातवा करार’ झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथले बायसन जवळपास नाहीसे झाले. गवत तेवढं उरलं. त्या गवतावर गाई आल्या.

१८८२ मध्ये मॉन्ट्रियलच्या जहाजमालक ॲलन घराण्याच्या पैशावर नॉर्थ वेस्ट कॅटल कंपनी उभी राहिली. तिची रँच पुढे ‘बार यू’ या डागाच्या नावानेच ओळखली गेली. व्यवस्थापक फ्रेड स्टिमसन. त्यांना हवी होती गुरं, आणि गुरं होती सीमेपलीकडे आयडाहोत. टॉम लिंच हा अनुभवी माणूस सुमारे तीन हजार गुरं हाकत उत्तरेला निघाला. त्या तांड्यात सामील झालेल्या काउबॉयपैकी एक म्हणजे वेअर. टेक्सासात गुरांमागे घोडा पळवायला शिकलेले, अंगाने दणकट, वय चाळिशीकडे झुकलेलं.

इथून दंतकथा सुरू होते. म्हणे त्यांना आधी स्वयंपाक्याच्या हाताखाली आणि रात्रीच्या राखणीवर टाकलं. काही दिवसांनी त्यांनी विनंती केली की खोगीर जरा बरं द्या आणि घोडा जरा वाईट द्या. मंडळींनी गंमत म्हणून सर्वांत आडदांड घोडा पुढे केला, आणि वेअर त्यावर मांड ठोकून बसले ते बसलेच. मग म्हणे ते उभ्या बैलाला शिंगं धरून आडवा करत, गुरांच्या पाठींवरून चालत गोठा ओलांडत. १९६० मध्ये ग्रँट मॅकईवन यांनी त्यांचं चरित्र लिहिलं आणि या गोष्टी शाळकरी मुलांपर्यंत पोचल्या. यातलं किती खरं, किती शेकोटीभोवती वाढलेलं, हे वेगळं काढणं अवघड आहे. ते घोड्यावर असामान्य होते, याबद्दल मात्र त्या काळच्या कोणाचंच दुमत दिसत नाही.

पण गुराखी होणं निराळं आणि रँच चालवणं निराळं. वेअर यांनी आधी ‘बार यू’वर आणि नंतर क्वॉर्न रँचवर चाकरी केली. ‘क्वॉर्न’ ही इंग्लंडातल्या कोल्ह्याच्या शिकारीच्या शौकिनांची रँच, तिथे घोड्यांची पैदास महत्त्वाची. आपला डाग नोंदवला तेव्हाही ते दुसऱ्याचा पगार घेत होते. चाकरीत असतानाच चार गुरं आपल्या नावावर जोडत जायची, ही भांडवल नसलेल्या माणसाची वाट होती.

डाग देण्याचं काम जवळून पाहिलं तर त्यात ताकदीपेक्षा नजर जास्त लागते. वसंतात सगळ्या रँचची माणसं मिळून गुरं गोळा करत. घोडेस्वार वासराच्या मागच्या पायांत फास टाकून त्याला फरफटत विस्तवापाशी आणी. दोघं जण ते आडवं दाबून धरत आणि तिसरा लोखंड टेकवी. लोखंड लालभडक झालं तर केस पेट घेतात आणि खूण फिसकटते. ते राखेच्या रंगाचं व्हावं लागतं. कमी तापलं तर दुसऱ्यांदा टेकवावं लागतं, आणि दुसरा ठसा पहिल्यावर कधीच नेमका बसत नाही. धूर पांढरा-पिवळा उठतो, जळक्या केसांचा वास नाकात बसतो आणि दोन-तीन सेकंदांत लोखंड उचलायचं असतं. खाली कातडी खोगिराच्या चामड्याच्या रंगाची दिसली की काम नीट झालं. त्यातही बंद गोल असलेले आकडे नाठाळ. गोलाच्या आत उष्णता कोंडते, कातडी जास्त भाजते आणि खूण वाचता येत नाही. चार नऊ म्हणजे असे चार गोल. हा डाग सुबक उठवायचा तर हात सफाईचा हवा.

डाग मालकी सांगतो, गुरं जगवत नाही. ती जगवतं गवत आणि हवामान. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी रफ फेस्क्यू नावाचं झुबक्यांनी वाढणारं गवत आहे. ते शरदात उभ्या उभ्या वाळतं, तरी त्यातला कस बराचसा टिकून राहतो. हिवाळ्यात मधूनच पर्वतावरून ‘शिनूक’ नावाचा कोरडा, उबदार वारा उतरतो, काही तासांत पारा वीस-वीस अंशांनी चढवतो आणि बर्फ वितळवून हे गवत उघडं करतो. गुरांना बाराही महिने उघड्यावर सोडायचं, गंज्या रचायच्या नाहीत, हा मोठ्या कंपन्यांचा हिशोब या वाऱ्यावर बेतलेला होता. १८८६-८७ च्या हिवाळ्यात तो हिशोब चुकला. वारा वेळेवर आला नाही, बर्फावर कवच धरलं, गुरं खुरांनी बर्फ उकरत राहिली आणि हजारोंनी मेली. जी मंडळी त्यातून शहाणी झाली त्यांनी ओढ्याकाठचं गवत कापून साठवायला सुरुवात केली. लहान रँचवाल्याला तर दुसरा मार्गच नव्हता. कंपनीचं नुकसान भागधारकांत वाटलं जातं, त्याचं मात्र चुलीपर्यंत येतं.

वेअर यांनी मिलरव्हिलजवळ शीप क्रीकच्या काठी आपली जागा धरली आणि फेब्रुवारी १८९२ मध्ये कॅलगरीत मिल्ड्रेड लुईस यांच्याशी लग्न केलं. मिल्ड्रेड टोरोंटोहून आलेल्या कृष्णवर्णीय सुतारकाम करणाऱ्या कुटुंबातल्या, विशीतल्या आणि शिकलेल्या. वेअर त्यांच्याहून सुमारे दुप्पट वयाचे आणि निरक्षर. दंतकथा इथे पटकन पुढे सरकते, कारण यात घोडा नाही. पण रँच इथून खऱ्या अर्थाने उभी राहते. भाडेपट्टे, गुरांच्या विक्रीच्या पावत्या, दुकानातली उधारी, पत्रव्यवहार हे सगळं मिल्ड्रेड यांच्या हातात गेलं. मुलांना अक्षरओळखही त्यांनीच करून दिली. एकामागून एक सहा मुलं झाली, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं. थोरली नेटी. तिने पुढे आपल्या दीर्घ आयुष्यात आईवडिलांच्या आठवणी सांगितल्या. त्यांतून दिसणारे वेअर हे बैल लोळवणारे नाहीत, ते घरात रमणारे बाप आहेत.

या घराभोवतीचं जग प्रेमळ होतं, असं म्हणणं खोटं ठरेल. शेजारच्या रँचवाल्यांत वेअर यांना मान होता. पण कॅलगरी शहरात काळ्या माणसाकडे संशयाने पाहिलं जाई. त्यांच्या नावाआधी लोक सर्रास एक वर्णद्वेषी शिवी लावत, आणि त्यात आपुलकी आहे असं समजत. ती शिवी इतकी अंगवळणी पडली होती की त्यांच्या स्मरणार्थ एका डोंगररांगेला नाव दिलं तेही शिवीसकट. कित्येक दशकांनी ते बदलून ‘जॉन वेअर रिज’ झालं.

शतक बदलताना पायथ्याशी गर्दी वाढली. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर फी भरून १६० एकर मिळवणारे शेतकरी येऊ लागले आणि त्यांच्यामागून काटेरी तार आली. वेअर यांनी मोकळ्या रानाच्या शोधात पूर्वेला, ब्रूक्सच्या ईशान्येला रेड डिअर नदीकाठी बिऱ्हाड हलवलं. तिथे झाडं कमी, ऊन तिखट, शेजार लांब. १९०२ मध्ये नदीला पूर आला आणि नवं घर वाहून गेलं. वेअर यांनी उंचावर, ओंडक्यांवर ओंडके रचून पुन्हा घर बांधलं. पुरानंतर महत्त्वाची गोष्ट हीच होती: आता घर कुठे बांधायचं हे त्यांना कळलं होतं.

१९०५ च्या वसंतात मिल्ड्रेड विषमज्वर आणि न्यूमोनियाने गेल्या. मुलं लहान होती, ती आजीआजोबांकडे राहू लागली. १ सप्टेंबरला अल्बर्टा स्वतंत्र प्रांत झाला. त्याच महिन्यात गुरांमागे असताना वेअर यांच्या घोड्याचा पाय बॅजरच्या बिळात गेला. घोडा कोसळला तो त्यांच्याच अंगावर. ज्याला कोणताही घोडा पाडू शकला नाही म्हणून ख्याती होती, त्याचा अंत असा झाला. कॅलगरीच्या बॅप्टिस्ट चर्चमधली त्यांची अंत्ययात्रा शहराने तोवर पाहिलेल्या मोठ्या अंत्ययात्रांपैकी एक होती, असं सांगतात. शहरात ज्याला कधी मोकळेपणाने वावरू दिलं नव्हतं, त्याच्यासाठी शहर रस्त्यावर आलं.

दोन वर्षांतच मोकळ्या चराईचा काळही संपला. १९०६-०७ च्या हिवाळ्याने पुन्हा कहर केला, अनेक मोठ्या रँच मोडीत निघाल्या आणि उरलेल्या रानात तारांची कुंपणं आली. वेअर यांची मुलं ब्लेअरमोरला आजीआजोबांच्या घरी वाढली. दोन मुलगे पहिल्या महायुद्धात कृष्णवर्णीयांच्या दुसऱ्या बांधकाम बटालियनमध्ये गेले. चार नऊंचा डाग मात्र पुढच्या पिढीच्या हातात चालत राहिला नाही.

आज ‘बार यू’ राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. नदीकाठचं ते ओंडक्यांचं घर डायनोसॉर प्रोव्हिन्शियल पार्कमध्ये हलवून जपलं आहे. कॅनडाच्या टपाल खात्याने २०१२ मध्ये वेअर यांचं तिकीट काढलं, आणि शेरिल फॉगो यांनी २०२० मध्ये ‘जॉन वेअर रिक्लेम्ड’ हा माहितीपट करून दंतकथेखालचा माणूस शोधण्याचा प्रयत्न केला. स्मारकं पुष्कळ झाली, तरी बहुतेक ठिकाणी मान घोडेस्वाराला मिळतो.

घोडेस्वार तेव्हा अल्बर्टात उदंड होते. पगार संपला की ते दुसऱ्या रँचवर जात आणि त्यांच्या नावाची नोंद कुठे राहत नसे. वेअर यांनी केलं ते त्याहून अवघड होतं. लाख एकरांच्या कंपन्यांच्या गर्दीत, भांडवल, अक्षर आणि अनुकूल कातडी यांपैकी काहीही हाताशी नसताना त्यांनी आपल्या नावाचा कळप उभा केला. हिवाळे काढले, पुरात गेलेलं घर पुन्हा बांधलं. आणि हे त्यांनी एकट्याने केलं नाही. त्यांनी डाग उठवायचा आणि मिल्ड्रेड यांनी वही लिहायची, अशी ती दोघांची रँच होती. एका वसंतात एक गेली, त्याच वर्षीच्या शरदात दुसरा गेला, आणि रँच संपली. ती कशावर उभी होती याचा याहून स्पष्ट पुरावा कोणत्याही दंतकथेत सापडणार नाही.