पोते कुठे ठेवावे? गोदामाच्या शास्त्राची ओळख

‘ठेवलेली वस्तू वेळेवर सापडत नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. घरात फार तर थोडी शोधाशोध होते, दोन शब्द बोलले जातात आणि विषय संपतो. पण हीच गोष्ट दहा हजार पोत्यांच्या गोदामात घडली तर तळातले धान्य किडते, हम्मालांचे विनाकारण हाल होतात, मालाची गाडी दारात खोळंबते आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारे पैसे कमी होतात. म्हणूनच माल कुठे ठेवावा, कसा रचावा आणि कोणत्या क्रमाने बाहेर काढावा, याचे एक स्वतंत्र शास्त्र तयार झाले आहे. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ते ‘ऑपरेशन्स मॅनेजमेंट’ म्हणजे संचालन व्यवस्थापन या विषयात येते. १९९६ साली सुरू झालेल्या आपल्या इंदूरच्या आय.आय.एम. मध्येही हा विषय शिकवला जातो.

इंदूरकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. छावणी आणि लक्ष्मीबाई नगरची धान्य मंडी, सियागंजचा किराण्याचा घाऊक बाजार, पीथमपूरचे कारखाने या सर्वांचा व्यवहार गोदामांवर चालतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरची मंडळी या व्यवहाराशी जोडलेली आहेत. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, या शास्त्रातली चार-पाच मुख्य तत्त्वे आज समजून घेऊ.

पेवापासून वखारीपर्यंत

साठवणीचे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. एखादी गोष्ट अचानक भरमसाट दिसू लागली की मराठीत ‘पेव फुटले’ म्हणतात. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत केलेला खोल खड्डा. धान्य भरून त्याचे तोंड घट्ट बंद करीत. आतले धान्य आणि किडे दोन्ही श्वसन करतात. त्यामुळे आतला प्राणवायू हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे मरतात. याच कारणाने नुकतेच उघडलेले पेव माणसाच्याही जिवावर बेतू शकते. आज बाजारात मिळणाऱ्या हवाबंद धान्यपिशव्यांमागेही हेच तत्त्व आहे.

पेवात धान्य टिकते, पण मधले पोते हवे तेव्हा काढता येत नाही. व्यापार वाढला तशी वखारीची गरज वाढली. स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल १९५४ मध्ये आला. ए. डी. गोरवाला तिचे अध्यक्ष होते आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. शेतकऱ्याला कर्ज, विक्री आणि साठवण या तिन्ही सोयी एकत्र मिळाल्या पाहिजेत, असा या समितीच्या विचाराचा रोख होता. त्यानंतर १९५६ चा कायदा झाला, १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आले आणि राज्याराज्यांत अशी महामंडळे उभी राहिली. मध्य प्रदेशचे महामंडळ १९५८ चे.

वाटेचा हिशेब

गोदाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जागा येते. संशोधकांनी मात्र घड्याळ लावून पाहिले तेव्हा असे दिसले की गोदामातल्या कामगाराचा सर्वांत जास्त वेळ उचलण्यात किंवा मोजण्यात जात नाही, तर चालण्यात जातो. मागणीप्रमाणे माल गोळा करणाऱ्या माणसाचा जवळजवळ निम्मा वेळ नुसत्या ये-जा करण्यात खर्च होतो, असा या विषयातल्या ग्रंथांचा सर्वसाधारण अंदाज आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका किराणा गोदामाची लांबी ६० मीटर आहे आणि दिवसात २०० खेपा होतात. प्रत्येक वेळी माल शेवटच्या टोकाहून आणावा लागला तर एका खेपेला जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे दिवसाला २४ किलोमीटर चालणे झाले. आता चौकशी केल्यावर कळले की २०० पैकी १५० खेपा साखर, चहा, तेल अशा मोजक्याच वस्तूंसाठी होतात. त्या दारापासून १५ मीटरवर आणून ठेवल्या तर त्यांच्या खेपा साडेचार किलोमीटरमध्ये होतील. उरलेल्या ५० खेपांचे ६ किलोमीटर मिळवले तरी एकूण साडेदहा किलोमीटरच होतात. एकही भिंत न वाढवता निम्म्याहून अधिक चालणे वाचले!

मोजक्याच वस्तूंची सर्वाधिक उलाढाल होते, ही गोष्ट अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये ‘ए-बी-सी वर्गीकरण’ या नावाने मांडली. थोड्या पण महत्त्वाच्या वस्तू ‘ए’ वर्गात, मधल्या ‘बी’ वर्गात आणि संख्येने पुष्कळ पण उलाढालीने किरकोळ अशा ‘सी’ वर्गात. पुढे १९६३ मध्ये जे. एल. हेस्केट यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. वस्तूची मागणी किती, एवढेच पाहू नका. ती जागा किती अडवते तेही पाहा, असे त्यांनी सांगितले. दारालगतची जागा सर्वांत मोलाची. तिथे मागणी जास्त पण आकार लहान अशा वस्तू ठेवाव्यात. मागणी असलेली पण अवाढव्य वस्तू तिथे ठेवली तर दहा लहान वस्तू मागे ढकलल्या जातात.

मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामांत आज उलटेच दृश्य दिसते. पुस्तकाशेजारी साबण आणि साबणाशेजारी खेळणे! रिकाम्या कप्प्यात मिळेल ती वस्तू ठेवली जाते, कारण तिची जागा संगणकाच्या लक्षात असते. काही ठिकाणी तर यंत्रमानव सबंध कपाटच उचलून कामगारापुढे आणतात. वरकरणी हा गोंधळ वाटतो, पण उद्देश तोच आहे, माणसाची वाट कमी करणे.

रिकामी जागा वाया जात नाही

गच्च भरलेले गोदाम पाहून मालकाला समाधान वाटते. शास्त्र मात्र सांगते की पूर्ण भरलेले गोदाम मंदावते. जागा साधारण ८५ टक्क्यांहून अधिक भरली की एक पोते काढण्यासाठी चार हलवावी लागतात, असा या व्यवसायातला ढोबळ आडाखा आहे.

सरकारी धान्य गोदामात पोत्यांची रास, ज्याला तिथे ‘स्टॅक’ म्हणतात, साधारणपणे ३० फूट लांब आणि २० फूट रुंद रचतात. दोन राशींमध्ये आणि भिंतीलगत वाट सोडतात. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी चौकटींवर ठेवतात, म्हणजे फरशीची ओल वर चढत नाही. सोडलेल्या या वाटेचे तीन उपयोग आहेत. पहिला, तपासनीस चारही बाजूंनी रास पाहू शकतो. दुसरा, कीड लागली तर तेवढ्याच राशीवर हवाबंद आवरण घालून धुरी देता येते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, ‘आधी आलेले आधी बाहेर’ हा नियम पाळता येतो. वाट नसेल तर नवी पोती पुढे आणि जुनी मागे राहतात. बाहेर काढणे सोपे म्हणून नवीच पोती जातात आणि जुनी तिथेच सडतात.

इथे एक सावधगिरीची सूचना. धुरीसाठी वापरले जाणारे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड अत्यंत विषारी आहे. ते प्रशिक्षित माणसांनीच, नियमाने वापरायचे असते. घरातल्या धान्याच्या कोठीत ते कधीही घालू नये. घरी धान्य कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवणे हाच सुरक्षित उपाय आहे.

सोयाबीनचा स्वभाव

माळव्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीन रुजले आणि इंदूर त्याच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही १९८७ पासून इथेच आहे. पण साठवणीच्या दृष्टीने सोयाबीन गव्हापेक्षा नाजूक. गहू १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्यात बरा टिकतो. सोयाबीनचे बियाणे मात्र १० टक्क्यांपर्यंत वाळवावे असे तज्ज्ञ सांगतात. त्याचे साल पातळ असल्याने पोते उंचावरून आपटले किंवा रास फार उंच रचली तर दाण्याला इजा होते आणि उगवण घटते. म्हणून बियाण्याची पोती चार-पाच थरांहून उंच रचू नयेत, असा सल्ला दिला जातो.

बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा एक सोपा नियम आहे. बियाण्यातला ओलावा एक टक्का कमी केला, किंवा साठवणीचे तापमान पाच अंश सेल्सिअसने कमी केले, की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. ऑक्टोबरमध्ये भरलेले बियाणे आपल्याकडे सबंध उन्हाळा काढून जूनमध्ये पेरायचे असते. तेव्हा पत्र्याच्या तापलेल्या छपराखाली, वरच्या थरात ते ठेवायचे की सावलीच्या, हवेशीर बाजूला, हा निर्णय पुढच्या हंगामाचे पीक ठरवतो.

लुधियानाच्या ‘सिफेट’ या केंद्रीय संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत काढणीपासून साठवणीपर्यंत गव्हाची सुमारे ४.९३ टक्के, तर सोयाबीनची सुमारे ९.९६ टक्के नासाडी आढळली. ही सगळी गोदामात होत नाही. शेतात शेंगा फुटून दाणे सांडतात, मळणीत आणि वाहतुकीतही तूट येते. तरी शंभर पोत्यांमागे सुमारे दहा पोती गेली, असा याचा अर्थ आहे.

गव्हासाठी आता पोलादी सायलोही आले आहेत. आपल्या शेजारी देवास आणि उज्जैन येथे असे सायलो आहेत. त्यांत धान्य पोत्याविना, सुटेच साठवतात. यंत्राने भरतात, हवा खेळवतात आणि खालून काढतात. हम्मालीची ओझी वाचतात, नासाडी घटते. मात्र खर्च मोठा आणि निरनिराळ्या शेतकऱ्यांचा माल एकत्र होतो. त्यामुळे लहान-लहान वाट्यांचा, वेगवेगळ्या प्रतीचा माल ठेवायचा असेल तर पोत्यांचे गोदामच उपयोगी पडते.

दारातली रांग

गोदामाची कार्यक्षमता दाराबाहेरही दिसते. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग का लागते? जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ मध्ये एका साध्या नियमाची सिद्धता दिली. आवारातल्या गाड्यांची सरासरी संख्या म्हणजे दर तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येक गाडीला लागणारे तास. तासाला ३० ट्रॉल्या येत असतील आणि प्रत्येकीला चार तास लागत असतील, तर आवारात १२० ट्रॉल्या उभ्या असणार. जागा वाढवली म्हणून रांग हटत नाही. तपासणी, तुलाई आणि उतराई यांचा वेळ दोन तासांवर आणला तर त्याच आवारात ६० ट्रॉल्या राहतील. दुसरा उपाय म्हणजे सर्वांनी एकाच दिवशी न येणे. मध्य प्रदेशात सरकारी गहूखरेदीच्या ‘ई-उपार्जन’ व्यवस्थेत शेतकऱ्यांची आधी नोंदणी करून मोबाइलवर संदेश पाठवण्याची पद्धत आली, तिचा हेतू हाच होता.

पावतीचे मोल

एवढी खटपट कशासाठी? याचे उत्तर शेतकऱ्याच्या घरात आहे. पीक निघते त्याच वेळी सर्वांचा माल मंडीत येतो आणि भाव पडतो. ज्याच्याकडे ठेवायला जागा नाही आणि घरखर्चाला पैसा नाही, त्याला पडत्या भावात विकावेच लागते. ही अडचण दूर करण्यासाठी २००७ मध्ये वखार (विकास व विनियमन) कायदा झाला आणि २०१० मध्ये त्यासाठी प्राधिकरण नेमले गेले. नोंदणीकृत गोदामात माल ठेवला की पावती मिळते. ती पावती तारण ठेवून बँकेकडून कर्ज घेता येते आणि माल नंतर विकता येतो. २०१७ पासून ही पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागली.

अर्थात थांबल्याने नेहमी फायदाच होतो असे नाही. गोदामाचे भाडे आणि कर्जाचे व्याज भावातल्या वाढीपेक्षा जास्त झाले तर तोटाही होतो. पण विकायचे की थांबायचे, हे ठरवण्याची मोकळीक तरी मिळते. आणि ही मोकळीक गोदाम चांगले चालले तरच खरी. आत धान्य किडले, ओलावले, वजनात घटले तर त्या कागदाचे मोल काय राहणार? बँकेचा विश्वास, शेतकऱ्याचा धीर आणि हम्माल-तुलावटींचे श्रम हे सारे शेवटी राशीच्या रचनेवर उभे आहेत.

हम्मालांचा उल्लेख मुद्दाम केला. हम्मालीचा हिशेब सहसा पोत्यामागे होतो. वाट निम्मी झाली तर त्याच श्रमात जास्त पोती होतात, किंवा तेवढीच पोती कमी थकव्यात होतात. कार्यक्षमता हा शब्द केवळ मालकाच्या नफ्याचा समजू नये. पाठीवर ओझे असलेल्या माणसाला तिची गरज सर्वांत जास्त असते.

करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, हे शास्त्र पडताळून पाहायला गोदामच हवे असे नाही. शाळेचे ग्रंथालय, खेळाच्या साहित्याची खोली किंवा घरचे स्वयंपाकघर पुरेसे आहे. एक आठवडा वहीत नोंद करा : कोणती वस्तू किती वेळा काढली आणि तिच्यासाठी किती पावले चालावे लागले. आठवड्याअखेर दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून बेरीज घ्या. मग सर्वांत जास्त लागणाऱ्या पाच वस्तू जवळ आणा, कधीतरी लागणाऱ्या मागे न्या आणि पुढचा आठवडा पुन्हा मोजा. स्वयंपाकघरात हा प्रयोग करायचा असेल तर आधी आईची किंवा आजीची परवानगी घ्या. कदाचित असेही आढळेल की त्यांनी ए-बी-सी वर्गीकरण केव्हाच करून ठेवले आहे : मिसळणाचा डबा हाताशी आणि दिवाळीचा सोऱ्या माळ्यावर! आपापल्या नोंदी आकड्यांसह वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. त्यांची तुलना वर्गात सर्वांना उपयोगी पडेल.