उजेड हवा तेथें, हवा तेवढा

दिव्याखालीं अंधार ही म्हण आपण नेहमीं ऐकतों. परंतु भर दुपारीं उन्हाच्या उजेडांत दिवे जळणें हाही प्रकार पुष्कळ शाळांतून दिसतो. ते मालवावे, तर भिंतीकडील मुलांना पुस्तकांतील अक्षर नीट दिसत नाहीं. असें कां व्हावें व त्यावर उपाय काय, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

उजेड मोजण्याच्या मापास लक्स म्हणतात. लिहिण्यावाचण्यास सुमारें ३०० लक्स उजेड पुरेसा धरतात. खिडकीजवळ दिवसा याहून कितीतरी अधिक उजेड असतो. पण आंत जावें तसतसा तो झपाट्यानें ओसरतो. यास्तव खोलींतील सर्व दिव्यांस एकच बटण असणें ही मूळ चूक होय. दिव्यांच्या रांगा खिडकीच्या भिंतीस समांतर ठेवून प्रत्येक रांगेस निराळें बटण दिलें, म्हणजे खिडकीकडील रांग बंद ठेवून आंतील रांग तेवढी लावितां येते.

आतां हिशेब पाहूं. खिडकीकडील रांगेंत २० वॅटचे ३ दिवे आहेत असें धरूं. ते रोज ५ तास याप्रमाणें वर्षांतून २०० दिवस बंद राहिले, तर एका वर्गामागें ६० युनिट वीज वांचते. १० वर्गांत ६०० युनिट.

हेंच काम यंत्राकडूनही करवितां येतें. एक साधन बाहेरचा उजेड वाढतांच दिवे मंद करितें. दुसरें, माणसाच्या अंगच्या उष्णतेची हालचाल ओळखतें व ती थांबल्यावर कांहीं मिनिटांनीं दिवा मालवितें. जिना किंवा कोठीची खोली यांस तें उत्तम. वाचनालयांत मात्र तें जपून बसवावें. कारण वाचनांत गढलेला विद्यार्थी स्तब्ध बसतो, आणि खोली रिकामी समजून यंत्र त्यास अंधारांत लोटतें! तेथें मालविण्याची मुदत लांब ठेवावी.

तथापि काटकसरीच्या भरांत डोळ्यांस शीण देणें हें शहाणपण नव्हे. तिरीप पडून फळा चकाकूं लागला, तर आणखी दिवे लावून उपयोग नाहीं. पडदाच ओढला पाहिजे. उजव्या हातानें लिहिणाऱ्यास उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्यास उजवीकडून. म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाहीं.

कौलारू घरांत मधूनच एखादें काचेचें कौल बसविण्याच्या आपल्या जुन्या रीतींत हेंच तत्त्व आहे: आधीं सूर्याचा उजेड घ्यावा, मग उणा पडेल तेवढाच दिव्याचा. यंत्र नसलें तरी आपला हात आहेच. वर्गांतून शेवटीं निघणाऱ्या विद्यार्थ्यानें बटणाकडे एकवार पाहावें, आणि पालकांनीं मुलाच्या अभ्यासाची जागा खिडकीशीं करून द्यावी, एवढीच आमची विनंती.