ध्रुवप्रदेशातील दीर्घ रात्र

दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसणे क्वचितच शक्य होते; ताऱ्याच्या तेजापुढे ते लोपून जातात. म्हणून खगोलशास्त्रज्ञ निराळाच मार्ग धरतात. ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून सरकताना त्याचे तेज किंचित उणावते. यास अधिक्रमण म्हणतात. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला, तर तेज शेकडा एकाने घटते. पृथ्वीएवढा गेला, तर दहा हजारांत जेमतेम एका भागाने! आणि हे सारे बहुधा काही तासांतच आटोपते.

एवढ्याशा घटीवर पाळत ठेवावयाची तर पापणी लवूनही चालत नाही. परंतु बहुतेक वेधशाळांच्या नशिबी रोजची पहाट असते. भर दिवसा झालेले अधिक्रमण हुकलेच. ज्या ग्रहाचा फेरा बरोबर तीन दिवसांचा आहे, तो एकदा दिवसा आला की पुढे कित्येक आठवडे दिवसाच येत राहतो.

या अडचणीचे उत्तर अंटार्क्टिकाच्या हिममय पठारावर शोधले गेले. तेथे सुमारे ३२३० मीटर उंचीवर, ७५ दक्षिण अक्षांशावर, फ्रान्स व इटली यांचे काँकॉर्डिया हे ठाणे आहे. मे ते ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत तेथे सूर्य उगवत नाही. जूनच्या उत्तरार्धात तर दुपारीही तो क्षितिजाखाली आठ अंशांहून खोल असतो. दक्षिणेकडील तारे मावळत नाहीत. हवा कोरडी, वारा मंद.

येथील ४० सेंटिमीटर व्यासाच्या ‘ॲस्टेप’ दुर्बिणीने मे २०१० मध्ये ‘वॉस्प-१९’ या ताऱ्याचा २४ रात्री वेध घेतला. त्याचा ग्रह अवघ्या १९ तासांत प्रदक्षिणा पुरी करतो. तो ताऱ्याआड गेला असता होणारी दहा हजारांत सुमारे चार भागांची घटही वेधांत उमटली. दुर्बीण लहानच, फळाला आले ते सातत्य.

त्याची किंमत मात्र जबर आहे. हिवाळ्यात पारा उणे ८० अंशांपर्यंत उतरतो, आरशांवर हिमकण साचतात. ते घालविण्यास आरसे तापवावे, तर उबेने हवा थरथरते व ताऱ्याची प्रतिमा बिघडते. कॅमेरा उष्णतारोधक पेटीत जपावा लागतो. ठाण्यावरील मोजक्या माणसांपर्यंत सुमारे नऊ महिने विमान पोहोचत नाही. यंत्र मोडले तर हाताशी असेल त्यावरच भागवावे लागते.

२०१८ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘टेस’ दुर्बिणीने सुचविलेल्या ग्रहांची शहानिशा करण्याचे कामही आता ही दुर्बीण करते. नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत मात्र तेथे सूर्य मावळतच नाही. तेव्हा वेध थांबतात, विमाने उतरू लागतात आणि दुरुस्तीचे सामान येऊन पोहोचते.